उभ्या गाडीचं ऑइल

रविवार, १२ जानेवारी २०२५

लिफ्टजवळ कागद लागलाय. बंद पडलेली वाहनं महिनाअखेरपर्यंत पार्किंगमधून हलवा, नाहीतर सोसायटी हलवेल. खाली चेअरमन अजिंक्यची सही. पोरगा बोलायला गोड आहे, पण त्याला कागद लावायची फार हौस. आमच्या सोसायटीत बंद वाहनं दोनच. एक कुणाच्या तरी नातवाची सायकल आणि दुसरी ह्यांची मोटरसायकल.

हे जाऊन तीन वर्षं होतील. तेव्हापासून गाडी मेन स्टँडवर उभी आहे. मी तिच्यावर चादर घालते, दिवाळीला ती चादर बदलते, एवढीच तिची काळजी. माझी स्कूटर लॅबला जायला-यायला पुरते. गिअरची गाडी मला येत नाही.

अनिशला हैदराबादला फोन केला. म्हणाला, "आई, विकून टाक ना. फोटो पाठव, मी ऑनलाइन टाकतो." बघते म्हटलं. मग खाली जाऊन चादर काढली. फोटो काही काढला नाही. फडक्याने टाकी पुसली आणि वर आले.

रविवार, १९ जानेवारी

गाडी चालू असेल तर कोण ती बंद म्हणणार, असा विचार करून आज सकाळी किक मारायला गेले. पाच-सहा किकांत गुडघा बोलायला लागला.

बी विंगच्या तळमजल्यावरचे उद्धवराव कचऱ्याची बादली घेऊन चालले होते, ते थांबले. मूळचे औशाचे, लातूरकडचे. चाकणला गिअरच्या कारखान्यात मेन्टेनन्सला होते, आता रिटायर झालेत. बायको फार पूर्वी गेली, मुलगी नाशिकला दिलीय. इतकी वर्षं एकाच गेटातून येतो-जातो, पण 'काय, बरं आहे ना'च्या पुढे आमचं बोलणं कधी गेलं नव्हतं.

"मॅडम, असं चालू करू नगा. आधी ऑइल बघावं लागंल."

मी म्हटलं, तीन वर्षांत गाडी गेटाबाहेर गेली नाही, मग ऑइल खराब होईलच कसं?

"चालली न्हाई म्हणूनच की. चालत्या गाडीचं ऑइल गरम होतंय, आतली वाफ उडून जातीय. उभ्या गाडीत पाणी तसंच ऱ्हातंय. ऑइल आंबतंय म्हणा ना."

ऑइल आंबतं! मला गंमत वाटली. पण त्यांनी झाकण उघडून आतली बाजू दाखवली, तर खरंच दुधाळ कॉफीसारखा साका धरला होता. मी पंचवीस वर्षं कासारवाडीच्या लॅबमध्ये रक्त-लघवी तपासतेय. असा नमुना आला असता तर पेशंटला त्याच दिवशी परत बोलावलं असतं.

त्यांनी घरून पाने आणले, खाली पाटी ठेवली, बोल्ट काढला. काळंकुट्ट ऑइल गळत राहिलं. मग नवीन ऑइल, नवीन पेट्रोल, प्लग, आणखी काय काय साफ केलं. दुपार झाली. शेवटी गाडी चालू झाली, तेव्हा वॉचमनने टाळ्या वाजवल्या. माझी नजर आपोआप आमच्या खिडकीकडे गेली. हे गाडी चालू करायचे तेव्हा मी तिथून ओरडायचे, "डबा घेतला का?"

मी विचारलं, आता हे ऑइल परत कधी बदलायचं?

"कमी चालत असंल तर वर्षातनं एकदा. किलोमीटर बघायचं न्हाई, तारीख बघायची. आन् दर रविवारी अर्धा तास फिरवायची. नुसती जागेवर चालू करून बंद केली तर उलट जास्त पाणी धरतंय."

"मला येत नाही चालवायला."

"मी फिरवतो की," ते म्हणाले आणि लगेच पाटी उचलून निघाले. मी थांबवून पोहे दिले. पायरीवर बसून खाल्ले. चांगला माणूस.

रविवार, ९ फेब्रुवारी

उद्धवराव दर रविवारी न चुकता गाडी फिरवतात. अजिंक्यनेही मान्य केलं की गाडी चालू आहे. कागद निघाला.

आज त्यांनी एक नवीन गोष्ट सांगितली. एकट्याने चालवून इंजिनवर पुरेसा लोड येत नाही. मागे कुणीतरी बसायला हवं, म्हणजे ऑइल नीट गरम होतं. मला पटलं. सॅम्पल नीट मिसळायचं तर नळी पुरेशी हलवावी लागते, तसंच हे. म्हणून मागे बसले. पिंपळे गुरवच्या गल्ल्यांतून नदीच्या बाजूने गेलो, भोसरीला वळसा घालून आलो. परत आल्यावर त्यांनी इंजिनजवळ हात धरला आणि म्हणाले, "बघा, आज कसं गरम झालंय."

खरंच झालं होतं.

रविवार, ३० मार्च, पाडवा

सकाळी गुढी उभारून खाली गेले तर उद्धवराव ऑइलचा डबा घेऊन हजर. आत्ताच तर जानेवारीत बदललं, मी म्हटलं.

"ते धुवायचं ऑइल होतं, मॅडम. तीन वर्षांची घाण आत बसलेली. ती त्यानं सोडवली, आता काढून टाकावी लागंल. पोटाला जुलाब दिल्यावर कसं..." एवढं बोलून ते लाजले.

म्हणणं बरोबर वाटलं. एक मात्र कळलं नाही. ऑइलचं काम करायला माणूस इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून येतो का? पाडवा असला म्हणून काय झालं. उजव्या बाहीवर डाग पडलाच. शर्ट ठेवून घेतला, वॉशिंग पावडर आणि लिंबू लावून डाग काढला, संध्याकाळी परत दिला. त्यांनी शेंगांची चटणी दिली, लातूरची. इतकी खमंग की मी वाटीतून नुसतीच खाल्ली.

रविवार, २० एप्रिल

मोशीपर्यंत गेलो. परतताना रसवंतीवर थांबलो. आलं घालून दोन ग्लास. ते सांगत होते, नोकरीच्या सगळ्या वर्षांत त्यांनी स्वतःची गाडी घेतलीच नाही. कंपनीच्या बसने गेले-आले. "बसमधी खिडकीची जागा धरायची आन् रस्त्यावरच्या जोडप्यांच्या गाड्या बघायच्या," म्हणाले. मी म्हटलं, अपघाताच्या भीतीने बघत असाल, हेल्मेट नसतं ना लोकांच्या डोक्यावर. ते म्हणाले, "व्हय, तेच."

रविवार, ११ मे

परत ऑइल! यावेळी कारण उन्हाळा. उन्हाने ऑइल पातळ होतं म्हणे.

आज मात्र मी जुन्या ऑइलमधलं थोडं एका टेस्ट ट्यूबमध्ये घेतलं. ते म्हणाले, "कशाला?" मी म्हटलं, सवय.

मंगळवार, १३ मे

लॅबमध्ये ट्यूब दोन दिवस रॅकमध्ये ठेवली होती. तळाशी पाणी नाही, गाळ नाही, दुधाळपणा नाही. उजेडात धरली तर मधासारखा रंग. हे ऑइल अगदी निरोगी आहे. मग उद्धवरावांना ते खराब का दिसलं?

मला काळजी वाटते. साठी उलटलेला माणूस, उन्हातान्हात काम केलेला. मोतीबिंदूची सुरुवात असणार.

शनिवार, ७ जून

उद्धवरावांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काही कुरकुर न करता आले. कारण मी सांगितलं नव्हतं, "या वयात तपासून घ्यावे," एवढंच म्हटलं. डोळ्यांत थेंब घालून तासभर बसवतात, तोवर त्यांना सगळं धूसर दिसत होतं. जिना उतरताना त्यांनी माझा हात धरला. खाली आल्यावर सोडायला विसरले, आणि मीही आठवण करून दिली नाही. उगाच रस्ता ओलांडताना पडले बिडले असते.

डॉक्टर म्हणाले, नजर उत्तम. चष्म्याचा नंबरसुद्धा बदललेला नाही.

मग आता उरते स्मरणशक्ती. जानेवारीत स्वतःच सांगितलं, वर्षातून एकदा. आणि आता दर दीड-दोन महिन्यांनी डबा घेऊन उभे. हे विसरण्याचं लक्षण आहे. बी-ट्वेल्व्ह कमी असलं की होतं असं. शाकाहारी आहेत, एकटे राहतात, जेवणाचे हाल. रक्त तपासायलाच हवं.

मंगळवार, १७ जून

आज लॅबमध्ये त्यांचं रक्त घेतलं. मीच घेतलं, नवीन मुलींना शीर सापडत नाही. यांची शीर मात्र सरळ, ठसठशीत. फार दिवसांनी अशी शीर बघितली. त्यांनी तोंड दुसरीकडे वळवलं.

"दुखंल का?"

"मूठ आवळा. आता सोडा. झालं."

"झालं? कळलंच न्हाई."

कापूस दाबून धरला तेव्हा सहज नाडीवर बोट गेलं. भराभर चालली होती. सुईची भीती दिसते. पुरुषांना जास्तच असते.

बुधवार, १८ जून

बी-ट्वेल्व्ह नॉर्मल. थायरॉइड नॉर्मल. शुगरही नॉर्मल. मी रिपोर्ट हातात घेऊन बसले होते. आमच्या काउंटरवरची दिव्या चहा घेऊन आली, पंचविशीची पोरगी, जिभेला हाड नाही. तिला सगळी केस सांगितली. ऑइल, इस्त्रीच्या शर्टावरचा डाग, डोळे, बी-ट्वेल्व्ह.

ती म्हणाली, "ताई, इस्त्रीचा शर्ट रिपोर्टमध्ये आलाय का?"

"त्याचा काय संबंध?"

यावर ती इतकी हसली की चहा सांडला. कामाच्या वेळी असला पोरकटपणा मला आवडत नाही. सांगितलं तसं.

शुक्रवार, ११ जुलै

अनिशचा फोन. आवाज वेगळाच.

"आई, तू कुणाच्या मागे बसून फिरतेस?"

त्याला अजिंक्यने सांगितलं होतं. वाईट हेतूने नाही म्हणे, सहज. मी म्हटलं, इंजिनवर लोड यावा लागतो. तो म्हणाला, "लोड? आई, ती शंभर सीसीची गाडी आहे. ट्रक नाही." मग मी ऑइलचंही सांगितलं, तीनदा बदलल्याचं, कारण लपवण्यासारखं काही नव्हतं. त्याने गाडीच्या माहितीपुस्तिकेचं पान शोधून पाठवलं. ठरावीक किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. कमी चालणारी गाडी असेल तर वर्षातून एकदा, बस्स.

"तो माणूस तुला फसवतोय, आई."

"कशासाठी फसवेल? ऑइल स्वतः आणतो, माझ्याकडून काही घेत नाही."

"तेच तर म्हणतोय," अनिश म्हणाला. त्याला बाबांची आठवण येत असावी.

रविवार, १३ जुलै

आज ते परत डबा घेऊन आले. दमट हवेत ऑइल लवकर पाणी धरतं, असं म्हणाले. बोल्टला पाना लावला होता, तेवढ्यात मी विचारलं.

"उद्धवराव, मेमध्ये काढलेलं ऑइल चांगलं होतं. मी ट्यूबमध्ये ठेवून बघितलंय. डोळे तुमचे चांगले आहेत, बी-ट्वेल्व्ह चांगलं आहे. जानेवारीत तुम्हीच सांगितलं होतं, वर्षातून एकदा. मग हे परत परत कशासाठी?"

त्यांनी पाना काढला. फडक्याने पुसला, दोन्ही बाजूंनी.

"व्हय, मॅडम. चांगलंच होतं ऑइल."

"मग बदललंत कशासाठी?"

ते माझ्याकडे बघेनात. "आता जानेवारीतच बदलू," म्हणाले. "वर्षानं." हत्यारं पिशवीत भरली. मी थालीपीठ आणलं होतं, ते पायरीवर तसंच राहिलं. गाडी फिरवायलाही नेली नाही.

मी चुकीचं काय बोलले? जे दिसलं तेच तर सांगितलं.

रविवार, २७ जुलै

दुसरा रविवार, आले नाहीत. त्यांच्या दाराला कडी आतून होती, म्हणजे घरातच होते. मी दोनदा खाली जाऊन आले. एकदा कोथिंबीर आणायच्या निमित्ताने. घरात कोथिंबीर होती.

गाडी उभीच आहे. आता ऑइल पाणी धरेल.

बुधवार, ३० जुलै

आज सिंकपाशी ट्यूब धूत होते. पाणी चालू होतं आणि मला एकदम दिव्याचं हसणं आठवलं. मग शर्ट आठवला. जिना उतरतानाचा हात आठवला. बसच्या खिडकीतून दिसणारी जोडपी आठवली. मी नळ बंद केला आणि तशीच उभी राहिले.

पंचवीस वर्षं रिपोर्ट वाचतेय मी.

दिव्या म्हणाली, "ताई, बरं नाही वाटत का?" मी म्हटलं, नाही गं, बरं वाटतंय. आणि मी त्यांना, त्या बिचाऱ्यांना, पार्किंगमध्ये उभं करून विचारलं होतं, कशासाठी? त्यांनी काय उत्तर द्यायचं होतं?

इथे खरं लिहायला हरकत नाही. मला फक्त त्यांच्याबद्दल नाही कळलं. मी कोथिंबीर आणायला का गेले होते तेही कळलं.

रविवार, ३ ऑगस्ट

बोलायचं ठरवून खाली गेले. दार उघडं होतं, आत खोक्यांत भांडी भरलेली. उद्धवराव घरात नव्हते. वॉचमन म्हणाला, "काकू, ते नाशिकला चाललेत, पोरीकडं. पंधरा ऑगस्टला ती न्यायला येणार. खोली भाड्याने देणार म्हणत होते."

मी वर आले. जिन्याने आले, लिफ्ट आहे हे सुचलंच नाही.

रविवार, १० ऑगस्ट

आठवडाभर त्यांना गाठायचा प्रयत्न केला. दिसले की नमस्कार करतात आणि वळतात. मीही थांबवत नाही. काय बोलायचं? 'नका जाऊ' म्हणायचा मला काय हक्क? ह्यांचा फोटो भिंतीवर आहे. मी त्याच्यासमोर बसून विचारलं, तर हे नेहमीसारखे हसतच होते. हे असताना मी सुखी होते, हे मला ठाऊक आहे आणि ह्यांनाही ठाऊक होतं. त्यात कुठेही काही उणं होत नाही. हे इतकं सोपं आहे हे माझ्या आजच लक्षात आलं.

अठ्ठावन्नाव्या वर्षी लोक काय म्हणतील याची भीती आहे. अनिश काय म्हणेल याची जास्त आहे.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

झोपायच्या आधी आजच लिहून ठेवते.

झेंडावंदन झालं, मुलांना जिलेबी वाटली. तेवढ्यात गेटात टेम्पो आणि त्याच्यामागे कार. उद्धवरावांची मुलगी योगिनी उतरली. पस्तिशीची, बापासारखीच रुंद कपाळाची. सामान चढायला लागलं. उद्धवराव बाजूला उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून, जणू टेम्पो दुसऱ्याच कुणाचा होता.

मी वरून खिडकीतून बघत होते. कॉट गेली. कपाट गेलं. मग पान्यांची पिशवी त्यांनी स्वतः उचलली, टेम्पोपर्यंत नेली आणि ठेवेनात. हातातच धरून उभे राहिले.

मी चप्पल न घालता खाली गेले. पार्किंगमध्ये अजिंक्य होता, वॉचमन होता, जिलेबी खाणारी चार पोरं होती. मी सरळ योगिनीसमोर गेले.

"मी सी विंगमधली. तुम्ही मला ओळखत नाही. तुमच्या वडिलांना नेऊ नका."

ती बघतच राहिली. "म्हणजे?"

"मला ते इथे हवेत."

असं मी म्हणाले. याच शब्दांत. सगळ्यांसमोर.

उद्धवरावांच्या हातातून पिशवी पडली. मोठा खणखणाट झाला. योगिनीने त्यांच्याकडे बघितलं. "बाबा?"

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही. डोळे उत्तम आहेत त्यांचे, डॉक्टरांनी सांगितलंय.

योगिनी पायरीवर बसली. मला वाटलं, आता ओरडेल. ती म्हणाली, "मी सहा महिने विचारतेय यांना, चला म्हणून. दर वेळी काहीतरी गाडीचं काम असायचं. जुलैमध्ये अचानक फोन केला, ने म्हणाले. आवाज असा होता की मला वाटलं, काहीतरी झालंय, आजार लपवतायत. घाबरून आले मी." मग तीच रडायला लागली. "काकू, मला त्यांना न्यायचं नव्हतं. मला त्यांना फक्त एकटं ठेवायचं नव्हतं."

मी तिच्याशेजारी बसले. अजिंक्यने टेम्पोवाल्याला बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं. थोड्या वेळाने कपाट परत उतरायला लागलं. अजिंक्यने स्वतः एका बाजूने कॉट धरली.

दुपारी तिघं माझ्याकडे जेवलो. वरण-भात, बटाट्याची भाजी. उद्धवराव ह्यांच्या फोटोला नमस्कार करून मगच बसले.

शनिवार, १६ ऑगस्ट

अनिशला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मला वेळ दे, आई." मी म्हटलं, घे. रागावलास तरी चालेल, पण फोन करत जा.

रात्री त्याने फोन केला. जेवलीस का विचारलं आणि ठेवला.

रविवार, २१ सप्टेंबर

मी गिअरची गाडी शिकतेय. उद्धवराव म्हणतात, क्लच असा सोडायचा जसा झोपलेल्या लेकराच्या डोक्याखालचा हात काढतो. तरीही गाडी चारदा बंद पडली आणि एकदा मी अजिंक्यच्या कारला जेमतेम चुकवलं. कागद लागायची शक्यता आहे.

त्यांनी सगळं कबूल केलंय. मार्चचं ऑइल बदलणं तेवढं खरं होतं, पहिल्यांदा धुऊन काढावंच लागतं. मेचं खोटं. लोडचं तर साफ खोटं. "दुसरं काय सांगणार होतो मी?" म्हणाले. मी म्हटलं, काहीच न सांगता चहाला यायचं. ते म्हणाले, "तसं येता येतंय व्हय?"

लग्नाचं काही ठरलं नाही. घाई नाही दोघांनाही. ते त्यांच्या घरी राहतात, मी माझ्या. जेवण एकत्र.

गुरुवार, २ ऑक्टोबर, दसरा

अनिश आला. गाडीला झेंडूचा हार घातला, पूजा केली. जेवायला उद्धवरावही होते. अनिशने त्यांना चाकणच्या कंपनीबद्दल दोन प्रश्न विचारले, त्यांनी दोन उत्तरं दिली. मला वाटलं, फिसकटलं सगळं.

संध्याकाळी तो निघाला. सोनं वाटायला उद्धवराव गेटापर्यंत आले होते. अनिशने वाकून नमस्कार केला. मग बॅग खांद्यावर घेत म्हणाला, "काका, आईच्या बीपीच्या गोळ्या... ती दुसऱ्यांचं रक्त तपासते आणि स्वतःची गोळी विसरते. तुम्ही बघाल?"

"बघतो," ते म्हणाले. "सकाळची का रात्रीची?"

"सकाळची."

मी अनिशच्या बॅगेची चेन लावून दिली.

रविवार, १२ ऑक्टोबर

आज मी गाडी चालवली आणि ते मागे बसले. चाकणच्या अलीकडे, कुरुळीपर्यंत. मोशीच्या पुढे ट्रक अंगावर येतात, पण रविवारी सकाळी रस्ता बरा होता. त्यांच्या कंपनीचं गेट त्यांनी मला लांबूनच दाखवलं. पहिली शिफ्ट आत गेली होती, बाहेर फक्त सुरक्षारक्षक होता. नवीन मुलगा, त्यांना ओळखत नव्हता. त्यांना त्याचं काही वाटलं नाही.

रस्त्यापलीकडे एक चहाची टपरी आहे. ते चहा सांगायला गेले, मी गाडीजवळ थांबले. समोरून कुणीतरी हाक मारत होतं. "जयमाला! ओ जयमाला!" मी पेट्रोलचा काटा बघत होते. वळूनही बघितलं नाही. लॅबमध्ये मी ताई आहे, सोसायटीत काकू, अनिशची आई, त्यांची मॅडम. या नावाने हाक मारणारं माणूस तीन वर्षांपूर्वी गेलं. म्हटलं, असेल दुसरी कुणी.

मग मान वर केली. उद्धवराव टपरीसमोर उभे होते, हात उंच करून, कानापर्यंत लाल झालेले. मधून एक कंटेनर गेला, तो जाईपर्यंत ते तसेच थांबले आणि मग पुन्हा, आणखी मोठ्याने म्हणाले,

"जयमाला, साखर किती टाकायची?"